इमॅक्समधल्या विंडो: विभागणी, मांडणी आणि मोडलेली मांडणी परत आणणं

इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये स्क्रीन विभागायला पाच मिनिटांत शिकता येतं. डोकेदुखी सुरू होते ती नंतर. दोन विंडो नीट मांडून काम चालू असतं, मध्येच मदतीचं पान, कंपाइलचा निकाल किंवा शोधाची यादी त्यातल्या एका विंडोत येऊन बसते आणि समोरची फाइल दिसेनाशी होते. म्हणून इथे विभागणीच्या शॉर्टकटना थोडी जागा दिली आहे. इमॅक्स आपणहून विंडो कुठे उघडतो, ते कसं ठरवतो आणि त्याला शिस्त कशी लावायची, याला जास्त.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. आज्ञा आणि व्हेरिएबल (म्हणजे इमॅक्सच्या सेटिंग) यांची नावं इथे देवनागरीत आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मधल्या रेघांसकट टाइप करायची. 'कंट्रोल-एक्स २' म्हणजे कंट्रोल धरून एक्स दाबायचं, दोन्ही सोडायची, मग नुसतं २. मेटा म्हणजे आजच्या कीबोर्डवरचं ऑल्ट. मेटा-एक्स दाबलं की खाली आज्ञेचं नाव विचारलं जातं. पुढचं सगळं इमॅक्स २८ किंवा त्यानंतरची आवृत्ती धरून आहे. त्याहून नवी आवृत्ती लागत असेल तिथे तसं म्हटलं आहे.

फ्रेम, विंडो, बफर

इमॅक्सचा जन्म १९७६ चा, ग्नू इमॅक्स १९८५ चा. डेस्कटॉपवरच्या विंडो घरोघरी पोचण्याआधीची ही परिभाषा आहे, त्यामुळे आपण ज्याला विंडो म्हणतो तिला इमॅक्स फ्रेम म्हणतो. फ्रेमच्या आतले कप्पे म्हणजे विंडो, आणि विंडोत जो मजकूर दिसतो तो बफर. प्रत्येक विंडोच्या तळाशी तिची स्वतःची मोड-लाइन, म्हणजे माहितीची पट्टी, असते.

विंडो बंद केली म्हणून बफर बंद होत नाही. फाइल 'गेली' असं वाटतं तेव्हा ती फक्त दिसत नसते. कंट्रोल-एक्स बी दाबून नाव दिलं की समोर येते. एकच बफर दोन विंडोंत उघडा असू शकतो. दोन्हीकडे कर्सर वेगळा राहतो, पण एकीकडे केलेला बदल दुसरीकडे लगेच दिसतो. लांब फाइलच्या वर व्हेरिएबल आणि खाली त्यांचा वापर असेल, तर दोन विंडोंत एकच फाइल ठेवून काम करणं सर्वांत सोपं.

विभागणीचे शॉर्टकट

कंट्रोल-एक्स २ ने विंडोचे वर-खाली दोन भाग होतात, कंट्रोल-एक्स ३ ने डावे-उजवे. कंट्रोल-एक्स ० ने कर्सर असलेली विंडो बंद होते. कंट्रोल-एक्स १ ने तीच राहते आणि बाकीच्या जातात. कंट्रोल-एक्स ओ ने पुढच्या विंडोत जाता येतं. हे पाच बोटांत बसले की बाकीचं सवडीने शिकता येईल.

व्हिम या दुसऱ्या एडिटरमधून आलेल्यांची इथे एका गोष्टीत फसगत होते. व्हिमच्या व्हीस्प्लिटने शेजारी-शेजारी विंडो मिळतात. इमॅक्समधलं जुनं नाव स्प्लिट-विंडो-व्हर्टिकली मात्र एकाखाली एक विंडो देतं. जुन्या कॉन्फिगरेशनमधून ओळी उचलताना हे उलटं पडतं. स्प्लिट-विंडो-बिलो आणि स्प्लिट-विंडो-राइट ही आताची नावं वापरा, गोंधळच नको.

आकडा आधी दिला तर विभागणी निम्मी-निम्मी होत नाही. कंट्रोल-यू १२ आणि मग कंट्रोल-एक्स २ केलं तर वरच्या विंडोला १२ ओळी मिळतात. उणे १२ दिलं तर खालच्या विंडोला १२. टर्मिनल किंवा लॉग पाहायला खाली छोटी पट्टी हवी असेल तेव्हा उणे आकडाच कामाचा.

कंट्रोल-एक्स ४ हे कुटुंब फार कमी लोक वापरतात आणि ते खरं तर सर्वांत उपयोगी आहे. त्याच्यापुढे एफ दाबलं तर फाइल शेजारच्या विंडोत उघडते, बी दाबलं तर बफर, डी दाबलं तर फोल्डरची यादी. कंट्रोल-एक्स ४ ४ तर कुठल्याही आज्ञेआधी दाबता येतं: पुढची आज्ञा जो बफर दाखवणार असेल तो दुसऱ्या विंडोत जातो. कंट्रोल-एक्स ४ १ याच्या उलट, म्हणजे याच विंडोत दाखव. कंट्रोल-एक्स ४ ० ने विंडोही जाते आणि बफरही.

विभागल्यावर कर्सर जुन्याच विंडोत राहतो, याचा पुष्कळांना वैताग येतो. इमॅक्स प्रोग्रॅम करता येतो तो अशाच वेळी कामाला येतो. इनिट फाइलमध्ये, म्हणजे इमॅक्स सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये, तीन ओळींचं एक फंक्शन लिहा. डीफनने नाव द्या, आत आधी रिकामं इंटरॅक्टिव्ह, मग स्प्लिट-विंडो-राइट, मग अदर-विंडो आणि त्यापुढे १. हे फंक्शन कंट्रोल-एक्स ३ ला जोडा. त्यासाठी २९ पासून कीमॅप-ग्लोबल-सेट आहे, आधीच्या आवृत्त्यांत ग्लोबल-सेट-की. बटण दाबल्यावर 'राँग टाइप आर्ग्युमेंट: कमांडपी' असा संदेश आला, तर इंटरॅक्टिव्ह लिहायचं राहिलं आहे. त्याच्याशिवाय इमॅक्स त्या फंक्शनला बटणावरून चालवण्याजोगी आज्ञाच मानत नाही.

कुठला तुकडा आधी पाडायचा

वर दोन फाइली शेजारी-शेजारी आणि खाली पूर्ण रुंदीची पट्टी, ही मांडणी बहुतेकांना हवी असते. आधी कंट्रोल-एक्स ३ आणि मग कंट्रोल-एक्स २ केलं तर पट्टी फक्त अर्ध्या रुंदीची मिळते. कारण प्रत्येक विभागणी चालू विंडोचीच होते. इमॅक्स हे तुकडे झाडासारखे एकात एक लक्षात ठेवतो, आणि उजव्या-डाव्या फांदीच्या आत केलेला आडवा काप त्या फांदीबाहेर जात नाही. म्हणून क्रम उलटा: आधी कंट्रोल-एक्स २, मग वरच्या विंडोत कंट्रोल-एक्स ३. आधीच उभे भाग पाडून झाले असतील तर मोडायची गरज नाही. मेटा-एक्स स्प्लिट-रूट-विंडो-बिलो ही नव्या आवृत्त्यांतली आज्ञा झाडाच्या मुळाशी काप देते आणि पट्टी पूर्ण रुंदीने खाली येते. तिचा शॉर्टकट कंट्रोल-एक्स डब्ल्यू २.

तीन उभे स्तंभ करताना दुसरी अडचण. कंट्रोल-एक्स ३ दोनदा केलं की पाव, पाव आणि अर्धा अशी रुंदी मिळते. कंट्रोल-एक्स + दाबलं की सगळ्या सारख्या होतात. दरवेळी हे करायचा कंटाळा असेल तर विंडो-कॉम्बिनेशन-रिसाइझ हे व्हेरिएबल टी (म्हणजे चालू) करा. मग नवी विंडो शेजारच्या सगळ्यांकडून थोडी थोडी जागा घेते आणि तीन स्तंभ आपोआप समान होतात.

रुंदी हाताने वाढवायला कंट्रोल-एक्स }, कमी करायला कंट्रोल-एक्स {, उंची वाढवायला कंट्रोल-एक्स ^. एका वेळी एकच स्तंभ (इथून पुढे स्तंभ म्हणजे एका अक्षराची रुंदी) किंवा ओळ हलते, म्हणून मेटा-एक्स रिपीट-मोड एकदा चालू करा. मग पहिल्यांदा पूर्ण शॉर्टकट द्यायचा आणि पुढे नुसतं } } } किंवा { दाबत राहायचं. उंची कमी करायला त्याच ओघात व्ही. रिपीट-मोडमध्ये कंट्रोल-एक्स ओ नंतरही नुसतं ओ ओ ओ करत पुढे जाता येतं आणि कॅपिटल ओ ने मागे. माऊसची ॲलर्जी नसेल तर मोड-लाइन धरून ओढा, तेही चालतं.

'विंडो टू स्मॉल फॉर स्प्लिटिंग' असं आलं तर विंडो खरोखरच लहान आहे. किमान उंची ४ ओळी आणि किमान रुंदी १० स्तंभ असते. हे आकडे खाली आणण्यापेक्षा आधी एखादी विंडो बंद केलेली बरी.

अरुंद विंडोत ओळी गुंडाळल्या न जाता उजवीकडे कापल्या जातात, यामागे एक वेगळंच व्हेरिएबल आहे: ट्रंकेट-पार्शल-विड्थ-विंडोज. त्याची किंमत ५० असते. म्हणजे फ्रेमच्या पूर्ण रुंदीची नसलेली आणि ५० स्तंभांपेक्षा अरुंद असलेली विंडो ओळी कापते. कोड वाचताना हे सोयीचं आहे, गद्य लिहिताना नाही. गद्यासाठी व्हिज्युअल-लाइन-मोड लावला की त्या बफरपुरती ही कापाकापी थांबते.

इकडून तिकडे जाणं

दोन विंडो असतील तोवर कंट्रोल-एक्स ओ पुरतं. चार झाल्या की ते गोल गोल फिरवतं. विंडमूव्ह हे इमॅक्सबरोबरच येतं. इनिट फाइलमध्ये विंडमूव्ह-डीफॉल्ट-कीबाइंडिंग्ज ही एक ओळ कंसात लिहिली की शिफ्ट आणि बाण यांनी त्या त्या दिशेच्या विंडोत जाता येतं. दोन ठिकाणी ते अडतं. काही टर्मिनल शिफ्ट-बाण इमॅक्सपर्यंत पोचवतच नाहीत. आणि ऑर्ग-मोडमध्ये (इमॅक्समधली टिपणं आणि कामांच्या याद्यांची सोय) हेच बाण तारखा आणि टूडूच्या अवस्था बदलतात, त्यामुळे विंडो बदलायला जावं आणि तारीख एका दिवसाने सरकावी असं होतं. ऑर्गने त्यासाठी चार हुक (आपली फंक्शनं जोडायच्या जागा) ठेवले आहेत: ऑर्ग-शिफ्टअप-फायनल-हुक आणि तसेच डाऊन, लेफ्ट, राइट. त्यात विंडमूव्ह-अप वगैरे फंक्शनं घाला. मग जिथे ऑर्गला बाणाने करण्यासारखं काही नसेल तिथे विंडो बदलते. तारखेवर कर्सर असेल तर तारीखच बदलणार, ते मान्य करावं लागतं.

मोठ्या स्क्रीनवर पाच-सहा विंडो ठेवणाऱ्यांनी एस-विंडो (ace-window) हे पॅकेज बसवावं. मेटा-एक्स पॅकेज-इन्स्टॉल करून नाव दिलं की झालं. शॉर्टकट दाबल्यावर प्रत्येक विंडोच्या कोपऱ्यात आकडा येतो, तो दाबला की थेट तिथे. दोनच विंडो असतील तेव्हा ते आकडे न दाखवता सरळ दुसरीत नेतं.

पण पुष्कळदा दुसऱ्या विंडोत जायचंच नसतं, तिथला मजकूर फक्त थोडा सरकवायचा असतो. त्यासाठी कंट्रोल-मेटा-व्ही. कर्सर जागेवर राहतो आणि पुढची विंडो एक पान खाली सरकते. शिफ्टही धरलं तर वर. तीन विंडो असतील तर ज्या विंडोत कंट्रोल-एक्स ओ ने गेलो असतो तीच सरकते, हवी ती नाही.

मोडलं? परत आणा

इनिट फाइलमध्ये एकच ओळ घालायची असेल तर ती विनर-मोड चालू करणारी घाला: कंसात विनर-मोड आणि १. त्यानंतर विंडोंची मांडणी बदलली की कंट्रोल-सी आणि डावा बाण यांनी आधीची मांडणी परत येते. पुन्हा दाबलं की त्याच्याही आधीची. चुकून कंट्रोल-एक्स १ दाबलं गेलं तर हाच इलाज.

कंट्रोल-सी आणि उजव्या बाणाबद्दल मात्र अपेक्षा बेताची ठेवा. तो पावलापावलाने पुढे नेत नाही, मागे जायला सुरुवात केली त्या मांडणीवर एकदम आणतो. तोही मागे गेल्या गेल्याच दाबायचा. मध्ये दुसरं काही केलं तर 'प्रीव्हियस कमांड वॉज नॉट अ विनर-अंडू' म्हणून नकार मिळतो. आणि बफरच मारून टाकला असेल तर विनर तो जिवंत करत नाही.

ठरावीक मांडणी पुन्हा पुन्हा लागत असेल तर ती रजिस्टरमध्ये, म्हणजे एका अक्षराच्या नावाच्या तात्पुरत्या खणात, ठेवा. कंट्रोल-एक्स आर डब्ल्यू आणि एक अक्षर, समजा के. परत आणायला कंट्रोल-एक्स आर जे आणि के. इमॅक्स बंद केला की हे पुसलं जातं. दुसऱ्या दिवशीही तीच मांडणी हवी असेल तर डेस्कटॉप-सेव्ह-मोड लागेल. २४.४ पासून तो फ्रेम आणि विंडोही साठवतो.

२७ पासून टॅबही आले आहेत, पण ब्राउझरची कल्पना डोक्यातून काढून ते वापरा. इमॅक्सचा टॅब म्हणजे एक फाइल नव्हे, विंडोंची अख्खी मांडणी. कंट्रोल-एक्स टी २ ने नवा टॅब, टी ओ ने पुढचा, टी आर ने नाव बदलायचं. एका प्रकल्पाला एक टॅब द्या आणि पत्रव्यवहाराला दुसरा, म्हणजे एकाची मोडतोड दुसऱ्यात जात नाही. टॅब चुकून बंद झाला तर कंट्रोल-एक्स टी यू.

इमॅक्स आपणहून विंडो कुठे उघडतो

मदत, कंपाइल, ग्रेप (फाइलींमधला मजकूर शोधणं), शब्दशोध अशा बहुतेक आज्ञा आपला बफर दाखवायला डिस्प्ले-बफर या एकाच फंक्शनकडे जातात. ते साधारण या क्रमाने विचार करतं: हा बफर आधीच कुठल्या विंडोत दिसतोय का? असेल तर तीच. नसेल तर एखादी विंडो विभागता येईल का? आधी सर्वांत मोठी, मग बराच वेळ न वापरलेली तपासली जाते. विभागता येत नसेल तर असलेल्यांपैकीच एक विंडो बळकावायची. फाइल 'गायब' होते ती या शेवटच्या पायरीवर.

विभागता येईल का, हे दोन आकड्यांवर ठरतं. स्प्लिट-हाइट-थ्रेशोल्ड ८० ओळी, स्प्लिट-विड्थ-थ्रेशोल्ड १६० स्तंभ. विंडो निदान ८० ओळी उंच असेल तर खाली काप. नसेल आणि १६० स्तंभ रुंद असेल तर उजवीकडे. दोन्ही नसेल पण फ्रेममध्ये ती एकटीच असेल, तर आकडे बाजूला ठेवून खाली काप.

यावरून बऱ्याच 'विचित्र' गोष्टींचा उलगडा होतो. १३६६ पिक्सेल रुंदीच्या लॅपटॉपवर अक्षर ९ पिक्सेलचं धरलं तर दीडशेच्या आसपास स्तंभ बसतात, १६० नाही. म्हणून तिथे मदत नेहमी खाली उघडते. १९२० पिक्सेलच्या स्क्रीनवर त्याच अक्षरात दोनशेहून जास्त स्तंभ होतात, म्हणून ती उजवीकडे येते. आणि कुणी ४के मॉनिटर आणला, ओळीची उंची २० पिक्सेल ठेवली, की शंभरावर ओळी बसतात. उंचीची तपासणी आधी होते, त्यामुळे एवढ्या रुंद स्क्रीनवरही इमॅक्स ३० पर्यंत विंडो खालीच उघडते. कॉन्फिगरेशन तेच, मशीन बदललं की वागणं बदललं, त्याचं कारण बहुधा हे.

आपले आकडे पाहायचे असतील तर एकच विंडो ठेवून मेटा-कोलन दाबा आणि कंसात विंडो-विड्थ लिहून एंटर करा. तसंच विंडो-हाइट. समजा रुंदी १४८ आली आणि मदत उजवीकडेच हवी आहे. तर सेटक्यू (setq, किंमत ठरवणारी आज्ञा) ने स्प्लिट-विड्थ-थ्रेशोल्ड १४० करा आणि स्प्लिट-हाइट-थ्रेशोल्ड निल. निल म्हणजे खाली कापायचंच नाही. दोन्ही निल केले तरी एकट्या विंडोची एकदा विभागणी होणारच, कारण वरची शेवटची अट तेव्हाही लागू असते. ते बिघाड समजू नका.

प्रत्येक बफरला त्याची जागा

आकड्यांनी दिशा ठरते, जागा ठरत नाही. जागा ठरवायची तर डिस्प्ले-बफर-एलिस्ट. यातल्या प्रत्येक नियमाचे तीन भाग असतात: कुठला बफर, कुठल्या फंक्शनने दाखवायचा, आणि तपशील.

कंपाइलचा निकाल नेहमी तळाला, फ्रेमच्या पाव उंचीत हवा आहे असं धरू. पहिल्या भागात बफरच्या नावाचा रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे नाव जुळवण्याचा नमुना. दुसऱ्यात दोन फंक्शनांची यादी: डिस्प्ले-बफर-रीयूझ-विंडो आणि डिस्प्ले-बफर-इन-साइड-विंडो. तिसऱ्यात साइडला बॉटम, स्लॉटला (त्या बाजूवरचा क्रमांक) ०, विंडो-हाइटला ०.२५. दशांश अपूर्णांक दिला तर तो फ्रेमच्या उंचीचा हिस्सा समजला जातो, पूर्णांक दिला तर ओळींची संख्या. २५ आणि ०.२५ यांत गल्लत करू नका.

रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये सर्वांत जास्त चुका होतात. बफरच्या नावात दोन्ही टोकांना तारका असते आणि लिस्पच्या (इमॅक्सच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या) स्ट्रिंगमध्ये तारकेआधी दोन उलट्या तिरक्या रेघा लागतात. एकच दिली, किंवा दिलीच नाही, तरी नियम चालतो, आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही. सुरुवातीची तारका साधं अक्षर मानली जाते, पण शेवटच्या तारकेचा अर्थ 'आधीचं अक्षर शून्य किंवा अधिक वेळा' असा होतो. हेल्पचा नियम असा लिहिला तर पी ऐच्छिक होतो आणि तारका-हेल इतक्यावरच नियम जुळतो. हेल्म पॅकेज वापरत असाल तर त्याचे बफरही त्यात अडकतात.

२९ पासून नावाऐवजी मोड (म्हणजे बफरचा प्रकार) सांगता येतो आणि तेच जास्त भरवशाचं. कंसात डिराइव्हड-मोड, टिंब, कंपायलेशन-मोड असं लिहिलं की ग्रेपचा बफरही त्यात येतो, कारण ग्रेप-मोड कंपायलेशन-मोडवरूनच तयार झाला आहे. नुसतं मेजर-मोड लिहिलं तर ग्रेप वगळला जातो. मात्र काही आज्ञा बफर आधी दाखवतात आणि मोड नंतर लावतात. तिथे मोडचा नियम लागत नाही, नावावरच जावं लागतं.

यादीत जो नियम आधी जुळतो तोच चालतो. ॲड-टू-लिस्टने घातलेला नियम सर्वांत पुढे बसतो, म्हणजे फाइलमध्ये नंतर लिहिलेला जिंकतो. नियम बदलून ओळ पुन्हा चालवली तर जुना नियम मागे तसाच राहतो. आज चालतंय आणि उद्या इमॅक्स नव्याने सुरू केल्यावर चालत नाही, असं झालं तर कंट्रोल-एच व्ही दाबून ही यादी डोळ्यांखालून घाला.

साइड विंडोचे, म्हणजे वरच्यासारख्या नियमाने फ्रेमच्या कडेला बसवलेल्या विंडोचे, काही स्वभाव ठाऊक असलेले बरे. एकाच बाजूला एकाच स्लॉटचे दोन नियम असतील तर दुसरा बफर पहिल्याच्या जागी बसतो. मदत आणि कंपाइल दोन्ही तळाला, पण शेजारी-शेजारी हवे असतील तर एकाला स्लॉट -१ आणि दुसऱ्याला १ द्या. कंट्रोल-एक्स १ ने साइड विंडो जात नाहीत, फक्त मधल्या जातात. साइड विंडोत उभं राहून तेच दाबलं तर चूक दाखवली जाते. सगळ्या एकदम लपवायला आणि परत आणायला मेटा-एक्स विंडो-टॉगल-साइड-विंडोज. तळाची पट्टी फ्रेमच्या पूर्ण रुंदीची असते. डाव्या-उजव्या पट्ट्यांना पूर्ण उंची हवी असेल तर विंडो-साइड्स-व्हर्टिकल टी करा.

हे नियम कंट्रोल-एक्स बी ला मात्र लागू होत नाहीत, कारण ती आज्ञा डिस्प्ले-बफरकडे न जाता थेट चालू विंडोत बफर बदलते. तिलाही नियम पाळायला लावायचं असेल तर स्विच-टू-बफर-ओबे-डिस्प्ले-ॲक्शन्स टी करा. पुष्कळांना ते नको असतं. आपण नाव घेऊन मागितलेला बफर आपल्यासमोरच यावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

नियम लिहिण्याइतका वेळ नसेल आणि फक्त 'या विंडोला हात लावू नको' इतकंच सांगायचं असेल, तर ३० मध्ये कंट्रोल-एक्स डब्ल्यू डी. विंडो त्या बफरला वाहिलेली होते, मोड-लाइनमध्ये डी दिसतो आणि डिस्प्ले-बफर तिथे दुसरं काही आणत नाही. पुन्हा दाबलं की मोकळी.

असे आलेले बफर बंद करायला कंट्रोल-एक्स ० किंवा कंट्रोल-एक्स के वापरण्यापेक्षा क्यू दाबा. कंट्रोल-एक्स के ने बफर मरतो पण विंडो राहते आणि तिच्यात भलतंच काही येऊन बसतं. क्यू मात्र विंडो कशी आली होती हे लक्षात ठेवून वागतो: नव्याने उघडलेली असेल तर बंद करतो, बळकावलेली असेल तर तिथला जुना बफर परत दाखवतो. क्यू साठी आधी त्या विंडोत जावं लागतं. मदतीपुरतं हेल्प-विंडो-सिलेक्ट टी केलं की कर्सर आपोआप तिकडे जातो.

काही पॅकेजांचा कारभार स्वतंत्र असतो. ऑर्गमध्ये कोडचा तुकडा वेगळा उघडला की सगळी मांडणी बदलते, कारण ऑर्ग-एसआरसी-विंडो-सेटअपची किंमत रीऑर्गनाइझ-फ्रेम असते. ती करंट-विंडो करा. ऑर्गच्या अजेंडाचंही (कामांच्या वेळापत्रकाचंही) तसंच आहे. तिथे ऑर्ग-अजेंडा-रिस्टोर-विंडोज-आफ्टर-क्विट टी केलं की बाहेर पडताना आधीची मांडणी येते. दोन फाइलींतला फरक दाखवणारा ईडिफ त्या फाइली एकाखाली एक लावतो आणि नियंत्रणाची वेगळी फ्रेम उघडतो. ईडिफ-स्प्लिट-विंडो-फंक्शनला स्प्लिट-विंडो-हॉरिझॉन्टली आणि ईडिफ-विंडो-सेटअप-फंक्शनला ईडिफ-सेटअप-विंडोज-प्लेन द्या. तो संपल्यावर उरलेला पसारा आवरायला ईडिफ-आफ्टर-क्विट-हुक-इंटर्नलमध्ये विनर-अंडू घातलं की झालं.

लांब फाइल आणि मराठी मजकूर

रुंद स्क्रीनवर एकच लांब फाइल वाचायची असेल तर कंट्रोल-एक्स ३ करून मेटा-एक्स फॉलो-मोड लावा. डावीकडे जिथे मजकूर संपतो तिथून उजवीकडे सुरू होतो. ५० ओळींच्या दोन विंडोंत सलग शंभर ओळी दिसतात आणि कर्सर डावीकडच्या तळातून उजवीकडच्या माथ्यावर जातो.

डावीकडे इंग्रजी मूळ आणि उजवीकडे मराठी अनुवाद असं काम असेल तर कीबोर्ड संगणकाच्या सेटिंगमधून मराठीवर नेऊ नका. इनस्क्रिप्टमध्ये एक्सच्या बटणावर अनुस्वार आहे. लिनक्सवर तो लेआउट चालू असताना कंट्रोल-एक्स दाबलं की इमॅक्सला बहुधा कंट्रोल-अनुस्वार पोचतो आणि अशी आज्ञाच नाही असं उत्तर येतं. त्याऐवजी कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबून इमॅक्सची स्वतःची इनपुट पद्धत लावा. पहिल्यांदा नाव विचारलं जाईल, तिथे देवनागरी-इनस्क्रिप्ट किंवा देवनागरी-आयट्रान्स. ही पद्धत चालू असतानाही कंट्रोल आणि मेटाचे सगळे शॉर्टकट नेहमीसारखे चालतात. शिवाय ती प्रत्येक बफरची वेगळी असते, त्यामुळे डावीकडे गेलं की इंग्रजी आणि उजवीकडे आलं की मराठी, काही न दाबता. दोन्ही विंडोंत एकच बफर असेल तर हा फायदा नाही.

देवनागरी फाँटची ओळ इंग्रजीपेक्षा उंच असते, म्हणून तेवढ्याच उंचीत मराठी ओळी कमी मावतात आणि शेजारचे परिच्छेद समोरासमोर राहत नाहीत. सगळ्या विंडो एकदम सरकवणारा स्क्रोल-ऑल-मोड इथे चार पानांतच मागे-पुढे होतो. अनुवादात राहून कंट्रोल-मेटा-व्ही ने मूळ हाताने सरकवणं बरं. उंचीतला फरक कमी करायचा असेल तर फेस-फाँट-रीस्केल-एलिस्टमध्ये तुमच्या देवनागरी फाँटचं नाव आणि ०.९ असा आकडा घाला. मात्रा आणि रफार वाचायला त्रास होऊ लागला तर आकडा १ च्या दिशेने वाढवा.